गालात अडकलेलं औषध

आमच्या बाबांचं नाव किसनराव, पण अकोल्यात या नावानं हाक मारली तर ते वळून बघायचे नाहीत. मास्तर म्हटलं की वळायचे. शाळेतले नव्हे, बँडचे मास्तर. शाळेत शिकवते ती मी, त्यांची मुलगी भावना, अमरावतीला, नववी-दहावीच्या पोरांना मराठी. आवाज दोघांचेही मोठे. आई होती तोवर म्हणायची, या घरात मास्तर दोन आणि विद्यार्थी मी एकटीच.

बाबा क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईत अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, कुठून कुठून बोलावणं यायचं, आणि लोक बजावून ठेवायचे की मास्तर स्वतः पाहिजेत. कारण एकच. बाबांचा सूर तुटायचा नाही. नवरदेव घोड्यावरून उतरायचा, दारात त्याचं स्वागत व्हायचं, कोणीतरी पाहुणा रुसायचा, त्याची समजूत घालून व्हायची, आणि एवढा वेळ बाबांचा सूर आपला चालूच. रिद्धपूरकडच्या एका म्हाताऱ्या सनईवाल्याकडून ते शिकून आले होते. डीजे आले आणि निम्मे बँड बसले, पण मास्तरांचा बँड त्या सुरावर तगला. मुलगी म्हणून नाही सांगत, अकोल्यात आमच्या अकोट फैल वस्तीत कोणालाही विचारा.

आणि अशा माणसाच्या फुफ्फुसातच रोग घुसावा. मला याचा अजून राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून वर्गातल्या पोरांवर निघतो.

आधी खोकला, मग ताप, मग अंगातला सदरा दुसऱ्या कोणाचा वाटावा इतकं वजन उतरलं. सगळ्यांनी टीबी ठरवून टाकला. तपासलं तर टीबी नाही. अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात फुफ्फुसाच्या डॉक्टर आहेत, प्रमोदिनी मॅडम. त्यांनी समजावून सांगितलं की हा टीबीचा चुलत भाऊ आहे, दिसायला तसाच, पण टीबीच्या औषधांना जुमानत नाही. वेगळ्या गोळ्या झाल्या, वर्ष गेलं, जंतू जागचा हलेना. राहता राहिलं एक इंजेक्शन. ते जंतूला मारतं, पण रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं आणि जाता जाता कानाच्या आतल्या नसा जाळतं. सगळ्यांच्याच नाही, पण बऱ्याच जणांच्या, आणि गेलेले कान परत येत नाहीत.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तं नाईच. दम गेला तं जाऊ द्या. कान नाई देत मी."

मॅडम यावर हसल्या नाहीत, त्यामुळे त्या मला आवडल्या. त्या म्हणाल्या, एक रस्ता आहे. औषध तेच, पण रक्तातून न देता श्वासातून द्यायचं, म्हणजे ते थेट फुफ्फुसात उतरेल आणि कानापर्यंत फारसं पोचणारच नाही. त्यासाठी औषधाचे कण करायचे, आणि कण म्हणजे पिठासारखे नव्हेत, पिठाचा एक कण घेऊन त्याचे हजार तुकडे करावेत त्याहूनही बारीक. चरबीच्या पापुद्र्यात गुंडाळलेले. पण इतके बारीक कण नुसते ओढले तर ते श्वासाबरोबर जातात आणि श्वासाबरोबर परत येतात, कुठं बसतच नाहीत. म्हणून त्यांना साखरेच्या भुकटीत बांधतात. भुकटी ओढली की खोल आत जाते, तिथल्या ओलाव्यात साखर विरघळते आणि कण मोकळे होऊन जंतूच्या घरात शिरतात. मी हे घरी येऊन नवऱ्याला, सुगतला, समजावून सांगत होते तर तो म्हणाला की हे म्हणजे बुंदीच्या लाडवासारखं झालं, नेताना बांधलेला आणि तोंडात मोकळा. जेवणाशिवाय त्या माणसाला काही सुचत नाही, पण होतं तसंच.

हे औषध दुकानात मिळत नव्हतं. त्याचा अभ्यास चालू होता आणि त्यात बाबांचं नाव लागलं. अटी कडक होत्या. दर आठवड्याला दवाखान्यात यायचं, म्हणजे अमरावतीतच राहायचं. ठरलेल्या मुदतीत बेडक्यातून जंतू गेला पाहिजे. नाही गेला तर औषध लागू पडलं नाही असं धरून नाव कमी होणार, पुन्हा घेणार नाहीत, आणि मग इंजेक्शन. म्हणजे एका बाजूला त्या पांढऱ्या भुकटीच्या कॅप्सूल आणि दुसऱ्या बाजूला बाबांचे कान. इतकं ते सरळ होतं.

तेव्हा बाबा माझ्या घरी राहायला आले. आले म्हणजे आणले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस, जुन्या रूढींचं नाव काढलं की चवताळून उठणारा, पण लेकीच्या घरी मुक्काम म्हटल्यावर त्याचा घास घशात अडकायला लागला. पहिले काही दिवस अर्धीच पोळी खायचे. मी विचारलं, बाबा, हे कोणत्या प्रतिज्ञेत लिहिलंय? तर म्हणाले, "लिहेल नाई, पण अडकते."

आमचा फ्लॅट कठोरा नाक्याच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा खुर्चीत बसून वर आले, सुगतनं आणि त्याच्या मित्रानं उचललं, आणि त्यानंतर खाली जायचं ते तसंच, फक्त दवाखान्यासाठी. बाकी सगळे दिवस मागची खोली. ऑक्सिजनची मशीन कोपऱ्यात, तिची नळी नाकात. नळी खाटेपासून बाथरूमपर्यंत पुरायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची, गॅलरीच्या दारापर्यंत पुरायची, पण कठड्यापर्यंत नाही पुरायची. कठड्याशी गेल्याशिवाय रस्ता दिसत नाही. लांब नळी आणू म्हटलं तर मशीनवाला म्हणाला की जोर कमी होतो. बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्ता ऐकायचे.

कान मात्र कसे होते ते ऐका. खालून स्कूटर गेली की सांगायचे, देशमुखांची आहे, सायलेन्सर सैल आहे. माझ्या कुकरची शिट्टी उतरली म्हणाले, रबर बदल. मी बदललं नाही आणि तिसऱ्या दिवशी वरण सगळ्या ओट्यावर. एकदा खालून वरात गेली, चक्क बँडची, तर हा माणूस नळी ताणून उभा राहिला आणि शिव्या द्यायला लागला. ट्रम्पेट बेसूर आहे, पोराला कोणी सांगत काहून नाही? मी म्हटलं, बाबा, इथून ओरडून त्याला ऐकू जाणार आहे का? ते बसले. मला तेव्हा फार वाईट वाटलं. जिवंत माणसाला कपाटात ठेवल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात तर विचारू नका. कूलर लावला तर दमट हवेनं खोकला, बंद केला तर भट्टी. लाइट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की सिलेंडर, आणि सिलेंडर लावेपर्यंत बाबांचे डोळे माझ्या हातांवर. तशा वेळी मी चिडायचे, मशीनवर, महावितरणवर, सुगतवर. बाबा म्हणायचे, भावने, तुह्या ओरडण्यानं हवा नाई येत.

औषध मात्र ते मन लावून घ्यायचे. एकही वेळ चुकली नाही. कॅप्सूल पंपात घालायची आणि पंप तोंडाला लावून भुकटी ओढायची. पहिल्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनं रिकामा पंप देऊन सराव करून घेतला होता. त्या सरावाच्या पंपाला एक बारीक शिट्टी असते, जोरानं ओढलं की वाजते. लोकांची जेमतेम चिरकते. बाबांनी अशी ओढली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. सिस्टर हसून म्हणाली की काका, तुम्हाला काय शिकवायचं, फक्त ओढून झालं की दम धरा, लगेच सोडू नका, भुकटीला आत बसायला वेळ द्या. बाबा म्हणाले, दम धरायचं मले सांगता? त्यावर सगळे हसले, मी पण हसले, आणि बाबा पास झाले.

घरी ते औषध घ्यायचे तेव्हा भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून दुपट्टा ओढून घेऊन. भुकटीनं खोकला यायचा आणि लेकीसमोर, जावयासमोर असं खोकायची त्यांना लाज वाटायची. आम्ही त्या वेळी खोलीत जात नव्हतो. बाबा सांगायचे की औषध मोठं गोड आहे, नंतर थोडं कडू लागतं, पण गोड आहे. मला बरं वाटायचं. गोड तर गोड, दुसरं काय गोड होतं त्यांच्या दिवसात?

मग त्यांचं तोंड आलं. गालाच्या आतून पांढरे चट्टे, तिखट चालेना, पोळी दुधात बुडवून. मॅडमनी बघितलं, गुळण्या करा म्हणाल्या, या औषधानं थोडं होतं असं. बेडका तपासला, जंतू तसाच. पुढच्या महिन्यात तपासला, तसाच. त्याच्या पुढच्या महिन्यात मॅडम कागद खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांच्याकडच्या बाकी पेशंटमध्ये फरक पडत होता. यांच्यात का पडत नाही ते त्यांना कळत नव्हतं. शेवटची तपासणी झाली तरी तेच आलं. मॅडमनी अहवाल वर पाठवला. औषध लागू पडलं नाही.

त्याच आठवड्यात अकोल्याहून योगेश आला. योगेश म्हणजे बाबांच्या बँडमधला ढोलवाला, लहानपणापासूनचा सोबती, आता बँड तोच सांभाळतो. खोलीत शिरायचं नाही वगैरे नियम त्याला काय माहीत. वरून उत्तर येईपर्यंत औषध चालूच होतं; बाबा ते घेत होते आणि हा सरळ आत गेला, दुपट्टा वर केला आणि हसायलाच लागला. मी स्वयंपाकघरातून धावत गेले.

"मास्तर," तो म्हणाला, "औषध घेऊन राह्यले का वरात काढून राह्यले?"

बाबांचे दोन्ही गाल टम्म फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले. आणि नाकानं श्वास आरामात चालू, आत, बाहेर, आत, बाहेर.

मला क्षणभर काही कळलं नाही. योगेशला कळलं होतं, पण त्यात काही चुकीचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो कौतुकानं म्हणाला की अजून गाल तसेच आहेत मास्तरांचे. बाबांनी गाल सोडले, औषध गिळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दम धरून राह्यलो होतो. दवाखान्यात सांगतलं नाई का, दम धरा म्हणून?"

सगळ्या जगात दम धर म्हणजे जरा थांब, घाई करू नको. दवाखान्यात दम धरा म्हणजे छातीत श्वास रोखून ठेवा. आणि फुंकीचं वाद्य वाजवणाऱ्यांत दम धरणं म्हणजे तिसरंच. गालात हवा भरून ठेवायची, गालातली हवा हळूहळू वाद्यात सोडायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. त्या सनईवाल्या म्हाताऱ्यानं बाबांना हेच शिकवलं होतं, दम धर, दम धर म्हणून गालावर चापट्या मारून. त्यांच्या लेखी दम गालातच धरतात. छातीत धरला तर सूर तुटेल.

म्हणजे इतके महिने ती भुकटी बाबांच्या गालात जात होती. साखर तिथंच विरघळत होती, म्हणून गोड लागत होती. ते अब्जावधी कण गालात मोकळे होत होते आणि पोटात जात होते. फुफ्फुसात औषध गेलंच नव्हतं. योगेश विचारत होता काय झालं, काय झालं, आणि मी मॅडमना फोन लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखान्यात. मॅडमनी बाबांना औषध कसं घेता ते करून दाखवायला सांगितलं, बघितलं, आणि कपाळाला हात लावला. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी त्याच दिवशी अभ्यासाच्या समितीला लिहिलं की या पेशंटला औषध मिळालेलंच नाही, याला पुन्हा घ्या. आम्ही उत्तराची वाट बघत बसलो. बाबा घरी रिकाम्या पंपावर सराव करायचे, गालाला स्वतःचीच दोन बोटं दाबून, श्वास खाली नेऊन. त्यांना जमायला लागलं होतं. खरंच जमायला लागलं होतं.

उत्तर आलं, नाही. एकदा निकाल लागलेला माणूस परत घेता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा. माझ्याकडे थोड्या कॅप्सूल उरल्या होत्या. मी मॅडमना म्हटलं, याच देऊ का, आता ते नीट घेतात. त्या म्हणाल्या की अर्धवट औषधानं जंतू जास्त निगरगट्ट होईल, मग इंजेक्शनही चालणार नाही. कॅप्सूल परत द्याव्या लागल्या. टेबलाच्या पलीकडे तेच औषध भरलेलं कपाट होतं, आम्ही अलीकडे होतो, आणि मध्ये एक नियम. मी मॅडमना नको ते बोलले. त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. बाबांनीच माझा हात धरून मला उठवलं.

घरी आल्यावर मला वाटलं आता हे हट्टाला पेटणार. कान देणार नाहीत आणि त्या खोलीत दिवसेंदिवस खंगत जाणार. मी भांडायची तयारी करून खोलीत गेले. मनात म्हणत होते की रडून, ओरडून, पाया पडून, कसंही करून यांना इंजेक्शनला राजी करायचं. बाबा गॅलरीच्या दारात बसले होते, नळी मागं ताणलेली.

"घेतो मी इंजेक्शन," ते म्हणाले. "या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकाले कान ठेवू का?"

एवढंच.

इंजेक्शनं सुरू झाली आणि जंतूनं माघार घेतली. खोकला कमी झाला, जेवण वाढलं, मशीन आधी दिवसा बंद झाली, मग रात्रीही. मॅडम खूश, सुगत खूश. दर काही दिवसांनी कानाची तपासणी व्हायची, आणि तो कागद मी बाबांना वाचून दाखवत नव्हते. एके दिवशी गॅलरीत बसून ते म्हणाले, आज चिमण्या काहून नाही आल्या? चिमण्या तारेवर बसल्या होत्या आणि कलकलाट करत होत्या. मी म्हटलं, उन्हामुळं असेल. त्यांनी तारेकडे बघितलं, चिमण्यांकडे बघितलं, आणि मान हलवली. इंजेक्शन थांबवावं का, मॅडमनी विचारलं होतं. बाबा नाही म्हणाले.

ते दोन जिने उतरले तेव्हा मी खाली उभी होते. कोणी धरलेलं नव्हतं. प्रत्येक पायरीवर ते थोडे थांबत होते, पण नळी नव्हती, खुर्ची नव्हती. खाली येऊन त्यांनी रस्त्याकडे बघितलं, दोन्ही बाजूंना, आणि म्हणाले, "चाल, अकोल्याले जाऊ." मी हो म्हटलं, तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारलं, काय म्हटलं? तेव्हा मी मान हलवून सांगितलं.

अकोल्यात योगेशच्या मुलीचं, पायलचं लग्न होतं. योगेश म्हणाला मास्तर वाजवतील तरच बँड लागेल. मला नको वाटत होतं. पण बाबांनी कधीच क्लॅरोनेट पुसून ठेवलं होतं, गणवेश इस्त्री करून आणला होता, आणि तो त्यांना परत बसत होता. सुरू कधी करायचं ते योगेश हातानं दाखवणार, असं ठरलं. त्यानं हात वर केला आणि बाबांनी फुंकलं. लोक गोळा झाले. मास्तर आले रे मास्तर, असं कोणीतरी म्हणालं. सूर निघाला, लांब, जाड, भरलेला. पण मी बँडवाल्याची मुलगी आहे, मला कळतं. तो उतरलेला होता. थोडा नाही, चांगलाच. वाजवणाऱ्याला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता.

नवरदेव स्टेजवर पोचला. वंदना सुरू व्हायची होती, बौद्धाचार्य माईक घेऊन उभे राहिले, आणि योगेशनं खूण केली. ढोल थांबला, ट्रम्पेट थांबले, झांजा थांबल्या. बाबांचे डोळे मिटलेले होते. ते वाजवतच राहिले. सगळा मांडव गप्प झाला आणि त्या गप्प मांडवात तो एकटा उतरलेला सूर चालू राहिला. योगेशनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे तू थांबव. मी पुढं गेले, त्यांच्या खांद्यापर्यंत हात नेला, आणि मला ठेववेना. माझा हात तसाच हवेत राहिला.

मग त्यांनीच डोळे उघडले. सगळ्यांची वाद्यं खाली. त्यांनी ओठ काढले, एकेकाकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"केव्हाचे थांबले हे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, बाबा," मी म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मी दोन बोटं जवळ आणून दाखवलं की एवढंसं, आत्ताच.